जिल्हईच्या आधी

अंगठीतला अकीक पाहिला की आपण त्याच्या चकाकीचे कौतुक करतो. परंतु खड्याचे बरेवाईट जिल्हईच्या आधीच ठरून गेलेले असते. जिल्हई ते फक्त उघड करते. तळ सपाट, माथा घुमटासारखा आणि पैलू मुळीच नाहीत, अशा खड्याला कॅबोशाँ म्हणतात. पैलूदार खड्यातला एखादा बारीक दोष झगमगाटात लपून जातो. घुमटाला लपायला जागाच नसते.

भूशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या दगडाची विशेष ओढ आहे. आपल्या बेळगावच्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे सिलिकायुक्त पाण्याने त्यांत थरावर थर चढवले. तोच अकीक. गुजरातेत रतनपूरच्या खाणींतला अकीक शतकानुशतके खंबायतला घडवला जात आला आहे. जवळच लोथल येथे १९५५ पासून एस. आर. राव (हे मूळचे आपल्या कर्नाटकातलेच) यांनी उत्खनन केले, तेव्हा हडप्पाकालीन मण्यांचा कारखानाच सापडला. म्हणजे हा धंदा चार हजार वर्षांहून जुना!

खंबायतचा कारागीर दगड उन्हात वाळवतो आणि मडक्यात घालून मंद आचेवर भाजतो. त्याने लोहाचा अंश तांबडा होतो व दगड फोडायलाही सोपा जातो. मग जमिनीत तिरप्या रोवलेल्या टोकदार लोखंडी गजाला दगडाची कड टेकवून वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने तो बेताचा ठोका देतो. घाव वरून बसतो, पण कपची उडते ती गजाच्या टोकापाशी. शिंग लोखंडापेक्षा मऊ, म्हणून घावाच्या जागी दगड चिरडत नाही. ओबडधोबड गोट्याला असा हवा तो ढोबळ आकार येतो.

यंत्रावर काम करणारे हेच निराळ्या रीतीने करतात. एका सुट्टीत मी अशा एका कारागिराशेजारी बसून ते पाहिले. हिऱ्याच्या कणांच्या करवतीने दगडाचा काप काढायचा आणि रेघा, रंग कोठे चांगले उतरले आहेत ते पाहून तळाच्या बाजूवर साच्याने आकार आखायचा. आखणी पितळेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या तारेने, कारण साधी पेन्सिल पाण्याने धुऊन जाते. रेघेबाहेर एकदोन मिलिमीटर सोडून कापायचे आणि उरलेले ८० नंबरच्या चाकावर रेघेपर्यंत घासायचे. तळाची धारही किंचित मारावी लागते, नाहीतर खडा बसवताना कड उडते.

दगडाचा बराचसा भाग येथेच धूळ होऊन जातो. अकीक म्हणजे सिलिका. तिची सूक्ष्म धूळ फुप्फुसात रुतून बसते आणि सिलिकोसिस होतो. या रोगावर उपाय नाही, शिवाय क्षयाचा धोका वाढतो. खंबायतेत विजेच्या चाकांवर कोरडे घासकाम घराघरांतून होत आले, त्यामुळे चाकाला कधी हात न लावलेल्या घरच्या माणसांच्याही श्वासात ती धूळ गेली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेच्या तपासण्यांत हा रोग तेथील कारागिरांत आढळला आहे. चाकावर पाण्याची संततधार ठेवली की धुळीचा चिखल होतो. तरीही तुषारांबरोबर थोडी उडतेच, म्हणून योग्य मुखवटा हवा. नाकावर रुमाल बांधून भागत नाही, ते कण रुमालाच्या विणीतून सहज आत जातात. चार पैशांच्या खड्यासाठी माणसाने फुप्फुस द्यावे, हे मला तरी पटत नाही.

यानंतर खडा लाखेने काडीवर चिकटवतात आणि घुमट काढायला घेतात. येथे उतावळेपणा नडतो. घुमट एकदम गोल करायचा नसतो. कंबरेशी मिलिमीटरभर उभी कड राखून आधी सभोवार तिरपी पट्टी घासायची, तिच्यावर दुसरी, अधिक निजती पट्टी, आणि मग पट्ट्यांमधल्या धारा मोडत माथ्याकडे जायचे. आपल्या नजरेला वक्राचे मोजमाप होत नाही, पण पट्टी एका बाजूला रुंद झाली तर चटकन कळते. सारी युक्ती एवढीच!

पुढे २२० नंबरचे चाक. ८० नंबरने पाडलेला प्रत्येक ओरखडा येथे गेलाच पाहिजे. राहिला तर जिल्हईची पूड तो भरून काढत नाही, उलट त्याच्याभोवती चकाकी आणून त्याला उठाव देते. ओरखडे पाहायचे ते खडा पुसून, कोरडा करून, कारण पाणी त्यांत भरले की ते दिसेनासे होतात. आकार मात्र ओल्यानेच तपासावा. दिव्याच्या नळीखाली ओला खडा धरून सावकाश फिरवला की प्रकाशाची रेघ घुमटावरून सरकते. कोठे अडली किंवा वाकडी झाली तर तेथे सपाट जागा राहिली आहे असे समजून खडा पुन्हा चाकावर धरायचा. सलग सरकली तर बारीक घासणीला घ्यायचा.