आकडा काढता येत नाही

जालन्याच्या मोंढ्यात सोयाबीन विकून आलेले पैसे घरी पोचायच्या आत टपरीवरच्या मटक्याच्या चिठ्ठीत का जातात? ‘जुने चार्ट नीट पाहिले की आकडा काढता येतो’ ही समजूत त्याला मोठी कारणीभूत आहे. मटका आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर लागायचा. 1960च्या दशकात ते थांबलं आणि मुंबईत कल्याणजी भगत, रतन खत्री यांनी स्वतःच आकडे काढायला सुरुवात केली. आकडा रोज नव्याने निघतो, त्यामुळे काल सात आला म्हणून आज तीन येण्याची शक्यता कणभरही वाढत नाही. हिशेब करून बघा. सिंगल आकड्याला साधारण नऊपट मिळतात. दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावा. शंभर गेले, नव्वद आले. हा दहाचा खड्डा कोणत्याच चार्टने बुजत नाही. एखाद्याला लागतो, त्याची गावभर चर्चा होते. हरलेल्यांची कुणी करत नाही.

‘मोबाईलवरची रमी कौशल्याची, म्हणून कायदेशीर’ हेही आता खरं नाही. 1887च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे आणि तिच्याच आधाराने या जाहिराती घरोघरी शिरल्या. ऑगस्ट 2025मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेची. नुसत्या खेळणाऱ्याला नाही. तेव्हा ॲपवर फसलेल्याने तक्रार करायला घाबरू नये.

‘हरला तर त्याचं तो बघेल’ असं म्हणणाऱ्यांनी त्याच्या घरात डोकावावं. बायकोने बचतगटातून काढलेलं कर्ज, गहाण पडलेलं मंगळसूत्र, मुलीची राहिलेली फी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशा एका माणसामागे सरासरी सहा जणांना झळ बसते, आणि ते बहुतेक स्वतः न खेळणारे असतात.

घरचे बऱ्याचदा उधारी फेडून मोकळे होतात आणि सुटला म्हणतात. सुटत नाही, गेलेले पैसे परत मिळवायला तो पुन्हा बसतो. जुगाराचं व्यसन हा जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतला आजार आहे, त्याला उपचार लागतात. 14416 या टेलिमानस मानसिक आरोग्य मदत क्रमांकावर दिवसरात्र, मोफत, मराठीतून बोलता येतं. पुढची उधारी फेडण्याआधी तो फोन करा.