एसएसडी खराब नाहीये, ड्रायव्हर मिळत नाहीये

आजचा विषय लॅपटॉपच्या एसएसडीचा ड्रायव्हर.

आपल्याकडचा नेहमीचा सीन बघा. मीरा रोडहून लोकल पकडायची, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून एनव्हीएमई एसएसडी आणायची, घरी येऊन पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायला बसायचं. आणि ड्राइव्ह निवडायच्या स्क्रीनवर यादी रिकामी! मग पहिला संशय कोणावर? दुकानदारावर. पण थांबा, परत ग्रँट रोडला जायच्या आधी हे ऐका.

एनव्हीएमईचा ड्रायव्हर विंडोजमध्ये ८.१ पासून, म्हणजे २०१३ पासून आहेच. साटा एसएसडी असेल तर एएचसीआयचा ड्रायव्हरही आहे. त्यामुळे साध्या लॅपटॉपवर वेगळं काहीच टाकायचं नसतं. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची फुकट ॲप्स तर अजिबात नकोत.

घोळ होतो तो इंटेलच्या व्हीएमडीमुळे. ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये हे बायोसमध्ये आधीच चालू असतं. ते चालू असलं की एसएसडी इंटेलच्या कंट्रोलरच्या मागे जाते, आणि समोरचा कंट्रोलर ओळखणारा ड्रायव्हर विंडोजच्या सेटअपकडे बहुतेक वेळा नसतो. एसएसडी धडधाकट आहे, फक्त तिच्यापर्यंत जायचा रस्ता सेटअपला माहीत नाही.

मार्ग दोन. एक, लॅपटॉप कंपनीच्या साइटवर आपलं मॉडेल टाकून इंटेल आरएसटीचा ड्रायव्हर घ्या, तो उलगडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि सेटअपमध्ये 'लोड ड्रायव्हर' करा. नुसती ईएक्सई कॉपी करून काही होत नाही, फोल्डरमध्ये आयएनएफ फाइल्स दिसल्या पाहिजेत. दोन, बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा. काही एसर लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो, मेन टॅबवर कंट्रोल आणि एस दाबलं की दिसतो.

मी काय निवडेन? एकच एसएसडी आहे, रेड वगैरे करायचं नाही आणि विंडोज कोरं टाकतोय, तर व्हीएमडी बंद. उद्या लिनक्स टाकायचं झालं तरी कटकट नाही. स्पीडचा फरक रोजच्या कामात जाणवत नाही.

पण विंडोज आधीच टाकलेलं असेल, नीट चालत असेल, तर बायोसला हात लावू नका. नुसता मोड बदलून रीस्टार्ट केलंत की निळी स्क्रीन येऊ शकते, 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. इथे लोक घाबरून फॉरमॅट मारतात आणि कॉलेजचे प्रोजेक्ट, घरचे फोटो, सगळं जातं. अहो, डेटा जागेवरच असतो! बायोसमध्ये जाऊन जुना मोड परत लावा, बहुतेक वेळा विंडोज पुन्हा उठतं.

बदलायचंच असेल तर आधी बॅकअप. मग बिटलॉकर तपासा. ते चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लॅपटॉपच्या बाहेर कुठेतरी लिहून ठेवा आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवा. की नसेल तर डेटा खरंच गेला समजा, दुकानदारही काढून देऊ शकत नाही. त्यानंतर एमएसकॉन्फिगमध्ये 'सेफ बूट' टिक करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये मोड बदला, विंडोज सेफ मोडमध्ये उघडू द्या, टिक काढा, परत रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, तेव्हा अकाउंटचा पासवर्ड हाताशी असू द्या.

आता आपल्याकडे काय आहे ते बघायचंय? डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'स्टोरेज कंट्रोलर्स' उघडा. तिथे व्हीएमडी किंवा आरएसटी लिहिलेलं दिसलं, तर विंडोज टाकायला बसायच्या आधीच तो ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा.