वाकलेलं, पोकळ झाड पाडताना

पावसाळ्याआधी जळण भरून ठेवायची आपली घाई सुरू झाली, म्हणून आज झाड पाडण्याबद्दल बोलू.

आमच्या गटातल्या एका मावशींच्या बांधावर बाभूळ होती. वाटेकडे कललेली, बुंध्याशी ढोली. माघात घरची माणसं ऊसतोडीला गेलेली, पण चूल तर रोज पेटवायची. दोघी जावा कुऱ्हाड घेऊन गेल्या. पोकळच आहे, चार घावांत पडेल, असा हिशेब. चौथ्या घावाला कडाड वाजलं, बुंधा उभा चिरला आणि चिरफळी मागे उसळली. धाकटी जरा बाजूला होती म्हणून खांद्यावर निभावलं. दोन महिने तिला घागर उचलता आली नाही.

असं का होतं? गाभा कुजला की बुंध्याची नुसती नळी उरते. त्यात झाड कललेलं असलं, तर कलाच्या बाजूचं लाकूड दाबलेलं असतं आणि पाठीचं ताणलेलं. पाठीवर घाव बसला की तो ताण एकदम सुटतो. लाकूड तुटायच्या आधी चिरतं.

म्हणून कुऱ्हाडीआधी झाड तपासायचं. कुऱ्हाडीच्या तुंब्याने बुंधा चहूकडून ठोका. भरीव लाकूड टणक वाजतं, पोकळ ढबढब वाजतं. ढोलीत सळई घालून भिंत किती जाड ते बघा, हात मात्र घालू नका, आत साप असतो, मधमाश्या असतात. पाठीकडच्या मुळांशी माती फाटली असेल, तर झाड आपणहून जायला निघालंय. भिंत चार बोटांहून पातळ, किंवा जवळून विजेची तार गेलेली, तर हात लावायचा नाही, असं आमच्या गटात ठरलंय. तारेसाठी आधी वायरमन, बाकीसाठी रोज झाडं पाडणारा माणूस. त्याची मजुरी जड वाटते खरी, पण खांदा त्याहून महाग पडला. आंबा, चिंच, जांभूळ, मोह ही झाडं आपल्या बांधावरची असली तरी परवानगी लागते. ती वन खात्याकडे विचारा.

आता उंची. डोळ्यापासून मुठीपर्यंत भरेल एवढी काठी घ्या. हात सरळ ताणून ती उभी धरा आणि झाडाच्या कुशीने मागे सरका. मूठ बुंध्याशी आणि काठीचं टोक शेंड्याशी जुळलं, की तिथून झाडापर्यंतचं अंतर म्हणजे साधारण झाडाची उंची. पोरं, शेळ्या, बघे, सगळे त्याच्या दुप्पट लांब. हे काम आम्हाला फार आवडतं, पोरीसुद्धा लगेच शिकतात.

पोकळ झाडावर दोर बांधायलाही चढू नये. वारा सुटला असेल तर काम उद्यावर टाका. झाड जिकडे कललंय तिकडेच पाडायचं, उलट ओढायच्या फंदात पडू नका. पळायची वाट आधी साफ करायची: सरळ मागे नाही, तर मागे आणि तिरकं. ढोलीच्या वर, हात पोचेल तिथे लाकूड भरीव असेल, तर काप तिथेच घ्या. कापाच्या वर वीतभर अंतरावर जाड दोराचे किंवा साखळीचे पाच-सहा वेढे आवळून बांधा, म्हणजे बुंधा चिरत वर जात नाही. आधी कलाच्या बाजूने उथळ खाच. मग पाठीकडून, खाचेहून थोडा वर, करवतीने काप. मधे दोन बोटांची पट्टी राहू द्यायची. उभं राहायचं कुशीला, पाठीमागे कधीच नाही. करकर ऐकू आली की करवत तिथेच सोडून निघायचं. आमच्या एका मैत्रिणीने करवतीसाठी परत पाऊल टाकलं होतं, तिला आम्ही पदर धरून ओढलं. करवत वाकली, ती नवी आणली.

झाड पडलं की लगेच तुटून पडू नका. ज्या फांद्यांवर ते टेकलंय त्या दाबलेल्या असतात. त्या शेवटी, आणि बाजूला उभं राहून तोडा. बुंधा उतारावर असेल तर चढाच्या अंगाला थांबा. लाकूड फोडून, विटांवर रचून ठेवा, म्हणजे खालून वारा लागतो.