कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये धुराची परीक्षा



तोडणीअगोदर शेतकी खात्याचा माणूस फडात येतो, उसाचा थेंबभर रस हँड रिफ्रॅक्टोमीटरवर घेतो आणि ब्रिक्स सांगतो. ऊस पिकला की नाही हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही, म्हणून हा खटाटोप.

कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये सर्जनपुढे असाच, पण जिवावरचा प्रश्न असतो. गाठ काढायची खरी, पण कापायचं कुठपर्यंत? कमी कापलं तर रोग मागं राहतो, जादा कापलं तर चांगला भाग जातो. कडेचं मांस डोळ्यांना पुष्कळदा सारखंच दिसतं. तुकडा गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतो, पण तोवर रोगी भूल दिलेल्या अवस्थेत टेबलावर. इंग्लंडमध्ये स्तन राखून फक्त गाठ काढलेल्या बायकांपैकी सुमारे ५ जणींत एकीला पुन्हा ऑपरेशन करावे लागल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील डॉ. झोल्टान टाकाच यांनी यावर एक तोड काढली. सर्जनचा विजेवरचा चाकू मांस जाळत कापतो, त्याचा धूर निघतो. हा धूर एरवी ओढून टाकूनच देत. टाकाच यांनी तो मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडला. हे यंत्र धुरातले बारीक कण वजनाप्रमाणे निवडते; रेणूंचा वजनकाटाच म्हणा ना! कॅन्सरच्या पेशींत स्निग्ध पदार्थांचे प्रमाण निराळे असते, म्हणून धूरही निराळा.

पण आकड्यांचा हा ढीग वाचणार कोण? संगणक. ३०२ रोग्यांचे नमुने, कोणता रोगट आणि कोणता निरोगी हे सांगून, त्याला आधी दाखवले. त्यावरून तो फरक शिकला. यालाच मशीन लर्निंग म्हणतात. आम्हाला यात जादू वाटत नाही. जुना मुकादम फड बघून टनेज सांगतो, तो शेकडो फड बघितल्यावरच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९१ रोग्यांच्या ऑपरेशनमध्ये यंत्राचे उत्तर नंतरच्या तपासणीशी जुळले, तेही ३ सेकंदांच्या आत.

२०१७ साली अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या लिव्हिया एबर्लिन यांनी पेनासारखे साधन केले. ते मांसावर पाण्याचा थेंब ठेवून परत ओढून घेते, कापावे लागत नाही. २५३ नमुन्यांत ९६ टक्क्यांवर उत्तरे बरोबर आली. म्हणजे शंभरात तीन-चार चुकलीही. शिवाय संगणकाला न दाखवलेला रोग त्याला ओळखता येईलच असे नाही, आणि यंत्र महागडे.

तेव्हा आजही अखेरचा शब्द प्रयोगशाळेच्या रिपोर्टाचाच. घरात कोणाचे असे ऑपरेशन झाल्यास तो रिपोर्ट मागून घ्यावा, त्यात ‘मार्जिन’ म्हणून काय लिहिले आहे, म्हणजे कापलेल्या कडा मोकळ्या आहेत का, हे डॉक्टरांना न लाजता विचारावे आणि कागद उसाच्या बिलांसारखा जपून ठेवावा.