काढा आणि गोळी एकाच मूत्रपिंडातून

दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणजे रक्त गाळण्याची क्षमता तीन महिन्यांहून अधिक काळ घटलेली असणे, किंवा तेवढाच काळ लघवीतून प्रथिने जात राहणे. या विकारात आधुनिक वैद्यक टेल्मिसार्टन, लोसार्टन अशी रक्तदाब आणि प्रथिनगळती दोन्ही कमी करणारी औषधे देते. चीनमध्ये त्यांच्याच जोडीला हुआंगची ही शेंगवर्गीय वनस्पती आणि दाहुआंग, म्हणजे आपल्या रेवाचिनीच्या जातीचे मूळ, यांचे काढे दिले जातात. अशा संयुक्त उपचाराने रक्तातील क्रिएटिनिन हा टाकाऊ घटक कमी झाल्याचे अनेक चिनी अभ्यास सांगत असले, तरी त्यांतील बहुतेक छोटे आणि अल्पमुदतीचे असल्याने डायलिसिस लांबते की नाही, या खऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळत नाही.

संयोगाचे अधिक बोलके उदाहरण मूत्रपिंड प्रत्यारोपणात आढळते. नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून दिले जाणारे टॅक्रोलिमस हे महागडे औषध आतड्यातील आणि यकृतातील विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, मोडून टाकतात; चीनमधील वूझी ही वनौषधी ती विकरे रोखत असल्याने टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी वाढते आणि थोड्या मात्रेत काम भागते. मात्र वनौषधी अचानक बंद केली, तर ती पातळी घसरून प्रत्यारोपित मूत्रपिंड धोक्यात येऊ शकते. म्हणूनच हा प्रयोग रक्ततपासणीच्या पहाऱ्याखालीच चालतो.

चीन आणि भारत या दोन्ही परंपरांत मानाचे स्थान असलेले ज्येष्ठमध दीर्घकाळ भरपूर घेतले, तर शरीरात सोडियम साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. म्हणजे टेल्मिसार्टन जे साधू पाहते, त्यालाच ते छेद देते. याउलट पोटॅशियमयुक्त पुनर्नवा टेल्मिसार्टनसोबत घेतल्यास, हे औषधही पोटॅशियम रोखून धरत असल्याने, दुबळ्या मूत्रपिंडाच्या रुग्णात पोटॅशियमची पातळी हृदयाच्या ठोक्यांना बाधक ठरण्याइतकी चढू शकते.

सर्वांत कठोर धडा बेल्जियमचा आहे. ब्रसेल्समधील वजन घटवण्याच्या उपचारात एका चिनी वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया कुळातील मूळ वापरले गेल्याने अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी झाली, हे 1993 साली उघडकीस आले; त्यातील ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रमार्गाच्या कर्करोगालाही कारण ठरते. याच कुळातील किडामारी दख्खनच्या काळ्या जमिनीतही उगवते, त्यामुळे नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हा समज निदान मूत्रपिंडापुरता तरी सोडलेला बरा.

हा प्रश्न सोलापूर शहरालाही लागू पडतो तो घरोघरच्या काढ्यांमुळे. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालय या दोन्ही संस्था याच शहरात आहेत, आणि एकाच रुग्णाने दोन्हीकडची औषधे घेणे यात नवल काहीच नाही. धोका आहे तो एका वैद्यापासून दुसऱ्याचे औषध लपवण्यात. मूत्रपिंडाच्या रुग्णाने काढा, चूर्ण, भस्म जे काही चालू असेल त्याचे वेष्टन प्रत्येक तपासणीला डॉक्टरांना दाखवावे, आणि नवी वनौषधी सुरू करण्यापूर्वी तसेच नंतर त्यांच्या सल्ल्याने क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्यावे.