पाठीतले पाणी का तपासतात?

पाठीत सुई घालून पाणी काढायचे म्हटले की घरची माणसे घाबरतात. 'त्याने माणूस लुळा पडतो' असे आम्ही पुष्कळदा ऐकतो. खरे पाहता मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो आणि सुई त्याच्या खाली, दोन मणक्यांमधून घालतात. नंतर काही दिवस डोके दुखू शकते. लुळेपणा येतो तो मूळच्या आजाराने.

असा एक आजार म्हणजे गुलेन-बॅरी, अर्थात जीबीएस. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात त्याचे बरेच रोगी सापडले. यात जंतूंशी लढणारी शरीराची शक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. पावलांना मुंग्या येतात, पायांतले बळ जाते, आणि अशक्तपणा हात, चेहरा व छातीपर्यंत चढतो.

१९१६ साली गुलेन, बॅरी व स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी लुळ्या पडलेल्या दोन सैनिकांच्या पाठीतले पाणी तपासले. त्यात प्रथिने वाढली होती, पण पांढऱ्या पेशी वाढल्या नव्हत्या. मेंदूज्वरात पेशीही वाढतात. नसांची मुळे सुजली की रक्तातली प्रथिने या पाण्यात झिरपतात. निरोगी माणसात ती १०० मिलिलिटरमागे साधारण ४५ मिलिग्रॅमपर्यंत असतात.

मात्र वाचकहो, पहिल्या आठवड्यात शंभरातील ३० ते ५० रोग्यांची प्रथिने वाढलेली नसतात. तेव्हा रिपोर्ट चांगला आला म्हणून रोग्याला घरी आणू नका. शंभरातील २० ते ३० जणांना श्वासासाठी यंत्र लागते. शिरेवाटे इम्युनोग्लोब्युलिन देणे किंवा रक्तद्रव बदलणे हे उपाय पहिल्या दोन आठवड्यांत झाल्यास अधिक गुण येतो. बहुतेक रोगी पुन्हा चालू लागतात, पण त्याला महिने लागतात.

पुष्कळदा हा आजार जुलाबानंतर येतो. त्याला कारण होणारा कॅम्पिलोबॅक्टर जंतू कोंबड्यांच्या आतड्यांत राहतो. पुण्यातील काही रोग्यांतही तो सापडला. म्हणून खुराडे झाडल्यावर साबणाने हात धुवावेत, कोंबडी पूर्ण शिजवावी, विहिरीचे पाणी उकळून प्यावे. आणि जुलाब थांबल्यावर काही दिवसांनी पाय लटपटू लागले तर मालिश करीत न बसता त्याच दिवशी मोठे इस्पितळ गाठावे.