तिकिटाची गोष्ट – ९ : घरी बसणाऱ्यांचा हिशेब

कार्टर आणि केनेडी आज येणार होते. त्यांना आणखी एक आठवडा बसवून ठेवतो. अमेरिकेतल्या उमेदवारीचं १९८० सालचं भांडण आहे, आठ दिवसांनी शिळं होणार नाही. मध्येच भिलाईहून एक पत्र आलं आणि ते खिशात ठेवून दुसऱ्या विषयावर लिहिणं मला जमेना.

पत्र लिहिणारे गृहस्थ पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे भंडाऱ्याकडचे. गेल्या आठवड्यातली, वर्ध्यात काँग्रेसने पक्षांतर्गत मतदानाने उमेदवार निवडल्याची हकिगत वाचून ते विचारतात : "वर्ध्यात निदान पेटी तरी ठेवली. आमच्याकडे उमेदवार कोण ते सकाळच्या पेपरात कळतं. तरी रुसवेफुगवे तेवढेच, पाडापाडी तेवढीच. मग तुमच्या त्या पेटीचा उपयोग काय?"

प्रश्न चोख आहे. आणि तो भिलाईहून यावा हे त्याहून चोख, कारण पक्षातल्या बेकीचे जितके प्रकार असू शकतात तितके सगळे दुर्ग-भिलाईने पाहिलेत.

२००९ पासून सुरुवात करू. दुर्ग लोकसभेत ताराचंद साहू हे भाजपचे १९९६ पासून सलग चार वेळचे खासदार. पक्षाशी बिनसलं, पक्षाबाहेर पडावं लागलं, त्यांनी छत्तीसगढ स्वाभिमान मंच काढला आणि लोकसभेला उभे राहिले. भाजपने उमेदवारी दिली सरोज पांडे यांना. (महाराष्ट्रातल्या वाचकांना हे नाव भाजपच्या प्रभारी म्हणून आठवेल; ते पुष्कळ नंतरचं.) त्या वेळी त्या दुर्गच्या महापौर होत्या आणि काही महिन्यांपूर्वीच वैशालीनगरच्या आमदार झाल्या होत्या. साहूंनी अडीच लाखांहून अधिक मतं घेतली. चार वेळचा खासदार फुटला, एवढी मतं घेऊन गेला, म्हणजे भाजप आडवा व्हायला हवा होता. झालं उलटंच. सरोज पांडे काँग्रेसच्या प्रदीप चौबेंपेक्षा दहा हजारांच्या आसपास मतांनी पुढे राहिल्या आणि महापौर, आमदार, खासदार अशी तिन्ही पदं एकाच वेळी एका बाईंकडे आली. बंडखोराने दोन्ही घरांतून मतं उचलली होती.

आता २०१४. देशभर मोदींची लाट. छत्तीसगढच्या ११ पैकी १० जागा भाजपने घेतल्या. उरलेली एक कोणती? दुर्ग. उमेदवार त्याच, सरोज पांडे. या वेळी समोर तसा बंडखोर नाही, स्वाभिमान मंचाचं वादळ ओसरलेलं, ताराचंद साहू २०१२ मध्येच वारलेले. कागदावर पक्ष एकसंध. आणि काँग्रेसचे ताम्रध्वज साहू सुमारे १७ हजारांनी निवडून आले.

फूट होती तेव्हा जिंकले, एकी होती तेव्हा हरले. या दोन निकालांनी मी बरेच दिवस बुचकळ्यात होतो. साहू समाजाचं दुर्गमधलं वजन हे एक कारण आहेच. ताम्रध्वज त्या समाजाचे मोठे पुढारी, आणि २००९ ला जी मतं ताराचंद यांच्याकडे गेली त्यांना २०१४ ला दुसरं घर मिळालं. पण तेवढ्यावर भागत नाही. तिकडे अशा वेळी एक शब्द हमखास ऐकू येतो : भितरघात. तेव्हाही तो गल्लोगल्ली होता. कुणी केला याची नावंही लोक घेत होते. सिद्ध काहीच झालं नाही, तेव्हा ती इथे लिहीत नाही. मला रस आहे तो भितरघाताच्या रीतीत. भितरघाती माणूस भाषण करत नाही, राजीनामा देत नाही, प्रचारफेरीत गळ्यात पट्टा घालून फोटोला उभाही राहतो. फक्त मतदानाच्या दिवशी त्याच्या पोरांच्या रिक्षा निघत नाहीत. बूथवरच्या टेबलाशी बसायला कुणी नसतं, मतदारयादीतल्या नावांवर टिकमार्क होत नाहीत, दुपारी दोनला "अमक्या गल्लीतून अजून कुणी आलं नाही" असं सांगणारा फोन येत नाही.

उघड बंडखोराचा एक उपकार असतो : मतमोजणीच्या दिवशी त्याचा आकडा कळतो. ताराचंद साहूंचा कळला. घरी बसलेल्याचा आकडा कुठल्याच रकान्यात येत नाही.

आणि भिलाईत आकडे लहान असतात. भिलाईनगर विधानसभा म्हणजे कारखान्याची टाउनशिप, तिचे सेक्टर, खुर्सीपारसारख्या कामगार वस्त्या. १९९३ पासून २०१३ पर्यंत हा मतदारसंघ आळीपाळीने भाजपचे प्रेमप्रकाश पांडे आणि काँग्रेसचे बदरुद्दीन कुरैशी यांच्यात फिरत राहिला. एकदा हे, एकदा ते, ओळीने पाच निवडणुका. २०१८ ला काँग्रेसने कुरैशींना शेजारच्या वैशालीनगरला धाडलं आणि भिलाईचे तरुण महापौर देवेंद्र यादव यांना उभं केलं. यादव २,८४९ मतांनी आले. कुरैशी वैशालीनगरला पडले. २०२३ ला यादव पुन्हा प्रेमप्रकाश पांडेंवरच, या वेळी १,२६४ मतांनी. दीडशेच्या आसपास बूथ धरली तर बूथमागे आठ-नऊ मतं. चार-पाच माणसांनी इकडचं तिकडे केलं की निकाल फिरला. इतक्या अरुंद पुलावरून जाताना मागून कुणी ढकलायचीसुद्धा गरज नसते.

म्हणूनच तिकीट ठरताना प्रत्येक दावेदार सांगतो, "माझी दहा हजार मतं आहेत." श्रेष्ठींकडे सर्वे असतात, निरीक्षकांचे अहवाल असतात, पण ते कुणी पाहिलेले नसतात. तिकीट कापलं गेलेला माणूस, आपण कमी पडलो, असं कधीच मानत नाही. त्याच्या मते सर्वे विकला गेला, नाहीतर कुणीतरी दिल्लीत कान भरले. त्याचे दहा हजार आहेत की आठशे, हे त्यालाही माहीत नसतं आणि ज्यांनी नाकारलं त्यांनाही.

पेटीचा उपयोग, माझ्या मते, इथे आणि एवढाच. पेटीने मनं जुळत नाहीत. वर्ध्यात तरी कुठे जुळली? मार्च २०१४ मध्ये सागर मेघे चारुलता टोकसांना हरवून उमेदवार झाले, मे महिन्यात रामदास तडसांकडून दोन लाखांवर मतांनी पडले, आणि पावसाळा संपायच्या आत दत्ता मेघे मुलांसह भाजपवासी झाले. पक्षांतर्गत मतदान जिंकलेलं घर पक्ष सोडून गेलं आणि हरलेल्या टोकसताई पक्षात राहिल्या. २०१९ ला त्याच वर्ध्यातून हाताच्या चिन्हावर लढल्या. बडोद्यात नरेंद्र रावत यांनी मतदान जिंकलं, समोर नरेंद्र मोदी येताहेत म्हटल्यावर मधुसूदन मिस्त्रींसाठी जागा सोडली. त्या वर्षी देशात जिथे जिथे हा प्रयोग झाला तिथे काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. पेटीवर याचा दोष टाकणं मात्र अन्यायाचं आहे. त्या लाटेत पेटी नसलेल्या जागाही वाहूनच गेल्या.

इथे एक जुनी गोष्ट सांगून घेतो, नाहीतर राहून जाईल. छत्तीसगढचं राज्य २००० मध्ये झालं तेव्हा काँग्रेसच्या विद्याचरण शुक्लांना मुख्यमंत्रिपद हवं होतं. ते अजित जोगींना मिळालं. शुक्ल पुढे आपल्या शरद पवारांच्या राष्ट्रवादीत गेले आणि २००३ च्या निवडणुकीत तिकडे घड्याळ फिरलं. आमदार आला एकच, तोही चंद्रपूरचा! (बल्लारपूरशेजारचं नव्हे, महानदीकाठचं चंद्रपूर.) पण मतं पडली ७ टक्के, आणि काँग्रेस-भाजपमधलं अंतर होतं ३ टक्क्यांहूनही कमी. भाजपचं तिथलं १५ वर्षांचं राज्य त्या निवडणुकीपासून सुरू झालं. शुक्लांचा आकडा कळला, पण निकालाच्या दिवशी. तोच तीन वर्षं आधी कळता तर जोगी आणि शुक्ल एका बाकावर बसले असते, असं मी म्हणणार नाही. दोघांचे स्वभाव पाहता शक्यता कमीच.

पत्रलेखकांनी शेवटी एक टोमणा मारलाय : "एकी मनाने होत नाही, बी फॉर्मने होते." हे मात्र खरं. मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह मिळतं ते दोन कागदांवर. ए फॉर्म म्हणजे उमेदवारांची नावं कळवण्याचा अधिकार कुणाच्या सहीला आहे ते सांगणारा कागद. बी फॉर्म म्हणजे प्रत्यक्ष नाव. सही शाईचीच लागते, शिक्का किंवा छापील सही चालत नाही. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचायला हवा. आणि मुदतीत दुसरा बी फॉर्म आला, त्यात पहिला रद्द केल्याचं लिहिलं असलं, तर पहिला उमेदवार त्या टेबलापाशीच संपतो.

२०१८ ला दुर्ग ग्रामीणमध्ये काँग्रेसने आधी प्रतिमा चंद्राकार यांचं नाव जाहीर केलं होतं. त्या माजी आमदार, वासुदेव चंद्राकारांसारख्या दुर्गच्या जुन्या पुढाऱ्याची लेक. मग नाव फिरलं आणि खासदार ताम्रध्वज साहू विधानसभेला उभे राहिले. ते जिंकले, गृहमंत्री झाले. बाईंनी बंड केलं नाही. काही महिन्यांनी दुर्ग लोकसभेचं तिकीट त्यांना मिळालं आणि भाजपच्या विजय बघेलांनी त्यांना पावणेचार लाखांहून अधिक मतांनी हरवलं. याला भरपाई म्हणायचं का? पक्षाच्या हिशेबी म्हणायचं. माझ्या लेखी हरलेल्याला हरणारी जागा देणं ही एकीची सगळ्यांत स्वस्त किंमत आहे आणि सगळेच पक्ष ती मोजतात.

२०२४ ला तर कहर झाला. दुर्ग जिल्ह्याचे पुढारी राज्यभर पेरले गेले : भूपेश बघेल राजनांदगावला, ताम्रध्वज साहू महासमुंदला, देवेंद्र यादव बिलासपूरला आणि भाजपकडून सरोज पांडे कोरब्याला. चौघेही पडले. खुद्द दुर्गमध्ये काँग्रेसने राजेंद्र साहूंना दिलं, तेही पडले. त्या त्या ठिकाणच्या कार्यकर्त्यांना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न तिकडे अजून निघतो.

तर मग भिलाईत पेटी ठेवायची का? पत्रलेखकांना स्वतःच्या कारखान्याचं उदाहरण ठाऊक आहे, त्यांनी ते का लिहिलं नाही याचं नवल वाटलं. भिलाईच्या कारखान्यात कुठल्या युनियनला मान्यता द्यायची हे कामगार गुप्त मतदानाने ठरवतात. इंटक, सिटू, भारतीय मजदूर संघ, एटक सगळ्या उतरतात, पत्रकं वाटतात, गेटवर सभा घेतात आणि मतं मोजली जातात. हरलेली युनियन कुरकुरते, पण आपल्याला किती मतं पडली यावर वाद घालत नाही. हे जमतं, कारण मतदार कोण हे आधी ठरलेलं असतं : हजेरीपटावर ज्याचं नाव त्याचं मत, आणि पट ठेवतं व्यवस्थापन, युनियन नव्हे. अमेरिकेतही प्रायमरीची, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानाची, मतदारयादी सरकारी दप्तरात असते, उमेदवाराच्या घरात नसते.

आपल्याकडे पक्षाच्या सभासदांची पावतीपुस्तकं असतात कुणाकडे? बहुतेक वेळा त्याच दावेदाराकडे, ज्याला तिकीट हवंय. एका रात्रीत वाड्यावस्त्यांतली दोन हजार नावं लिहायची, वर्गणी स्वतःच्या खिशातून भरायची, की झाले दोन हजार मतदार. वर्ध्यात म्हणूनच सामान्य सभासदांना मत दिलं नव्हतं. पदाधिकारी, निवडून आलेले स्थानिक प्रतिनिधी, युवक काँग्रेस, एनएसयूआय अशी मोजकी यादी धरली होती. भिलाईत पेटी ठेवायची असेल तर त्याआधी ही यादी कुणाच्या कपाटात राहील ते ठरवावं लागेल, आणि त्या कपाटाची किल्ली सोडायला आज एकही पक्ष तयार नाही.